मावशीची नक्कल

बाबा, त्या नटाला तुम्ही घरात घ्यायलाच नको होतं. हे मी तेव्हाही म्हटलं होतं, आईनंही म्हटलं होतं, आणि तुम्ही शिलाई मशीनवरून मान न उचलता म्हणालात, "अगो, एवढा मोठा माणूस आपल्याकडे दोन घास जेवला तर काय बिघडला?" तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काय बिघडलं ते सांगायचं माझ्याकडून राहूनच गेलं. सांगायला लागले की तुम्ही विषय बदलायचात, नाहीतर तोंडात टाचण्या धरून बसायचात, म्हणजे बोलायला नको. आता तुम्हाला यातलं काहीच करता येणार नाही, म्हणून लिहिते.

पंच्याऐंशी-शहाऐंशी सालची गोष्ट. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. रत्नागिरीच्या बाजारात तुमचं एका मशीनचं दुकान, शाळांचे गणवेश शिवायचात. पण संगमेश्वराकडच्या आपल्या गावात तुम्हाला शिंपी म्हणून कोणी ओळखत नव्हतं. तिथे तुम्ही नमनातली, म्हणजे आपल्या कोकणातल्या खेळ्यांतली, मावशी. गण झाला, गवळणी आल्या, की त्यांच्या पाठोपाठ नऊवारी नेसून, कपाळाला आडवं कुंकू फासून, कमरेवर हात ठेवून तुम्ही यायचात, गवळणींना बाजाराला घेऊन जाणारी, वाटेत कृष्णाशी भांडणारी. तीस वर्षं तुम्ही ती मावशी केलीत. माझ्या लहानपणी तुम्ही नुसते मृदंगाशेजारी येऊन उभे राहिलात तरी बायका पदर तोंडाला लावायच्या. पण मी कॉलेजात गेले तोवर दिवस पालटले होते. गावोगाव व्हिडिओ यायला लागले, मंडळांना ऑर्केस्ट्रा हवासा झाला, आणि तुमचा आवाज चिरका झाला, गुडघा आखडला, मधलीच वाक्यं गळायला लागली. हे आईला दिसत होतं, मला दिसत होतं, मृदंगवाल्या काकांना तर तालावरूनच कळत होतं. तुम्हाला तेवढं कळत नव्हतं. का कळत होतं आणि तुम्ही दाखवत नव्हतात, हा माझा तुमच्याशी जुना वाद आहे.

तो नट आला तो मृदंगवाल्या काकांच्या मुंबईतल्या भावाकडून तुमचं नाव ऐकून. केवढा मोठा नट! त्याचा फोटो पेपरात यायचा, त्याच्या नाटकाला रांगा लागायच्या. आपल्या पडवीत तो चपला काढून खाली बसला आणि आडपडदा न ठेवता म्हणाला, "मास्तर, नवीन नाटक करतोय. खेळ्यांतला एक म्हातारा सोंगाड्या आहे. आयुष्यभर लोकांना हसवलंय, आणि आता त्याला कोणी हसत नाही. मला तो माणूस करायचाय."

आणि तुम्ही, बाबा, तुम्ही आनंदानं मांडीवर थाप मारून म्हणालात, "मग बरोबर ठिकाणी आलात साहेब!"

मी आत दारामागे उभी होते. मला वाटलं, तुम्हाला कळलेलंच नाही तो काय म्हणाला ते. आई चुलीपाशी होती, तिनं फुंकणी खाली ठेवली आणि नुसतं माझ्याकडे बघितलं.

आठ दिवस राहिला तो. लॉजवर खोली होती त्याची, पण झोपण्यापुरती. सकाळी आठाला हजर. आई बिचारी रोज कालवणाला काय करू म्हणून डोक्याला हात लावायची, आणि तो कुळथाची पिठी आणि भात आवडीनं खायचा, वर आणखी मागून घ्यायचा. खायचा म्हणजे काय, त्याचं अर्धं लक्ष तुमच्या ताटात. तुम्ही घास कसा घेता, मध्येच हात थांबवून कसे बोलता, पाणी पिताना मान किती मागे टाकता. आई एकदा मला हळूच म्हणाली, "हा मानूस जेवतोय का ह्यांना खातोय गो?" ती थट्टेत म्हणाली होती, पण मला ते आजतागायत लक्षात आहे.

तुम्ही तर सगळं उघडं करून दिलंत. पदर कसा झटकायचा, बसताना काष्टा कसा सावरायचा, गवळणींच्या घोळक्यात मागे राहून लोकांची नजर आपल्यावर कशी ओढायची. दुकानात नेऊन त्याचं माप घेतलंत आणि तुमच्या मावशीची जशी चोळी होती तशीच त्याला शिवून दिलीत. तुमच्या स्वतःच्या चोळीचा खाकेतला जोड उसवलेला होता, त्याला वेळ नव्हता तुम्हाला. एका दुपारी तुम्ही त्याला सांगत होतात, "गवळणीच्या मधी धाप लागते साहेब. तवा मावशीनं पान चघळल्याचा करायचा. असा. तोंड हलता, श्वास खाता येतो, आनि लोकांना वाटता मावशी नखऱ्याची हाय." मी पडवीत वही घेऊन बसले होते. मी ती मावशी शंभरदा बघितली असेल. ते पान चघळणं मलाही नखराच वाटत होता. तुम्हाला धाप लागते हे मला, तुमच्या मुलीला, एका परक्या माणसाला दिलेल्या शिकवणीतून कळलं. आम्हाला का नाही सांगितलंत? डॉक्टरकडे नेलं असतं. पण नाही. नटाला सांगितलंत.

मग पाचव्या की सहाव्या दिवशीची गोष्ट. मी कॉलेजातून आले. पुढच्या खळ्यात, कुंपणाच्या दगडी गडग्याच्या बाजूला तुम्ही पाठमोरे उभे होतात. डावा खांदा उतरलेला, उजवा हात कमरेवर, आखडलेल्या गुडघ्यावर भार न देता उभं राहण्याची तुमची ती पद्धत. आई आतून चहासाठी हाका मारत होती आणि तुम्ही जागचे हलत नव्हतात. मी वैतागून म्हटलं, "अहो बाबा, ऐकू येत नाही का? ती केव्हाची ओरडतेय." तुम्ही मागे वळलात, आणि ते तुम्ही नव्हतात. तो होता. तो जरा ओशाळला. "चुकलो बाळ," म्हणाला. एवढंच बोलला आणि सरळ उभा राहिला. त्या सरळ उभं राहण्यात तुमचे सगळे भोग त्यानं एका क्षणात अंगावरून झटकून टाकले. असं झटकता येतं त्यांना. मला त्या दिवशी त्याचा जो राग आला, तो मी पुढे कित्येक वर्षं नीट सांभाळला.

शेवटच्या दिवशी पावस गावाच्या बाजूला एका वाडीत तुमचं नमन होतं. संध्याकाळी तिथे व्हिडिओ लावणार होते, म्हणून मंडळानं तुम्हाला दुपारची वेळ दिली होती. दुपारी चारचं नमन! लख्ख उन्हात मावशी! रंगाचे थर दिसत होते, मिशी काढलेल्या जागेची हिरवट सावली दिसत होती, चोळीच्या उसवलेल्या जोडातून बनियन दिसत होता. मी तुम्हाला म्हटलं होतं, नको, नाही म्हणून सांगा. तुम्ही म्हणालात, "साहेबांना बघायचा हाय ना." आणि मला हुकूम सोडलात, पाहुण्यांच्या बाजूला बस, त्यांना काय हवं नको बघ.

मी लहान असताना पुढे बसायचे आणि तुम्ही पदर झटकलात की पहिली मी हसायचे. तुम्हीच शिकवलं होतं ते. एक हसलं की दहा हसतात, म्हणायचात. मोठी झाल्यावर मी यायची बंद झाले होते. त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी तुमच्यासमोर बसले होते, आणि शेजारी तो.

तुमचा तो ठरलेला विनोद आला. कृष्ण विचारतो, "मावशे, तुजा वय काय गो?" आणि मावशी लाजून म्हणते, "सोळा! फुडचा मोजाय मी साळंत नाय गेले." पदर झटकलात. माझ्याकडे बघितलंत. मी हसले नाही, बाबा. शेजारी मुंबईचा एवढा मोठा माणूस मांडीवर हात ठेवून शांत बसलेला, आणि मी वीस वर्षांची, कॉलेजातली. असल्या विनोदाला मी खिदळले तर तो काय म्हणेल, एवढंच माझ्या मनात होतं. मी मान खाली घातली. बाकी कोणीही हसलं नाही. मृदंगवाल्या काकांनी ताल अर्धवट सोडला.

तिथून पुढे जायचं ना हो! दुसरा कोणीही पुढे गेला असता. तुम्ही नाही. तुम्ही तोच विनोद पुन्हा सांगितलात. जरा मोठ्यानं, बहिऱ्यांना सांगावा तसा. कोणी हसलं नाही. तुम्ही तिसऱ्यांदा सांगितलात. तेव्हा मागून कोणीतरी ओरडला, "ओ मावशी, परत तोच काय?" आणि त्यावर मात्र सगळी वाडी हसली. मोठमोठ्यानं हसली. आणि तुम्ही, कंबर वाकवून, दोन्ही हात जोडून, तो हशा तुम्हीच मिळवल्यासारखा पदरात घेतलात. मी शेजारी बघितलं. तो नट हसत नव्हता. त्याचे ओठ हलत होते, तुमच्या वाक्याच्या पाठोपाठ.

परतीच्या एसटीत तुम्ही त्याला म्हणालात, "आज ऊन लय होता." तो "हो मास्तर" म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो मुंबईला गेला, तुम्ही मशीनवर बसलात आणि दोरा ओवता ओवता मला म्हणालात, "हसाय आला नाय तर हसू नये. पन मान खाली कशाला घालायची?" आयुष्यात तुम्ही मला बोललात असं तेवढंच. मी घरी आले आणि आईवर उगाच ओरडले.

पुढच्या हिवाळ्यात ते नाटक रत्नागिरीला आलं. त्यानं दोन पास पाठवले होते, पहिल्या रांगेतले. मी येणार नव्हते, पण आईला गर्दीत घुसमटायला होई, आणि तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून चार वाजल्यापासून तयार बसला होतात.

दुसऱ्या अंकात तुम्ही शिवलेली ती चोळी घालून तो आला. तुमचा खांदा, तुमचा गुडघा, तुमचं ते पान चघळणं. धापसुद्धा तुमची. विनोदाचे शब्द निराळे होते, पण जागा तीच. त्यानं सांगितला. त्याच्यापुढे बसलेली नाटकातली माणसं हसली नाहीत. त्यानं पुन्हा सांगितला, मोठ्यानं, बहिऱ्यांना सांगावा तसा. मग तिसऱ्यांदा तोंड उघडलं, आणि थांबला. नुसता उभा राहिला. पदर हातात धरून, तोंड किंचित उघडं. किती वेळ उभा होता कोण जाणे. सगळ्या थिएटरात कोणाचा श्वास ऐकू येत नव्हता. मग मागून हुंदके यायला लागले. आपल्या आळीतल्या बायका रडत होत्या, बाबा! तुमच्या नमनाला येईनाशा झाल्या होत्या त्याच. व्हिडिओ बघायला जाणाऱ्या त्याच.

आणि त्या शांततेत तुम्ही हसलात. खळखळून हसलात, मांडीवर थापा मारत. मागून कोणीतरी "शूऽ" केलं. "ओ आजोबा, गप बसा ना, कळत नसेल तर." मी तुमचा दंड दाबला. तुमच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं आणि तुम्ही मला सांगत होतात, "अगो थांबला! बघितलास? थांबला तो!"

प्रयोग संपल्यावर तुम्ही मला ओढत रंगपटात नेलंत. माझ्या मनात होतं, आता तरी बोलतील, विचारतील, माझी फजिती दाखवून टाळ्या घेतल्यात ना साहेब? तो अर्धा रंग पुसलेल्या तोंडानं उठला आणि तुमच्या पायाशी वाकला. तुम्ही त्याला धरून उभा केलात आणि विचारलंत काय? "साहेब, मी तिसऱ्यांदा बोललो होतो. तुम्ही थांबलात. कसा सुचला?"

तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही बोललात. माझी छाती झाली नाही."

तुम्हाला ते फार आवडलं. मग दोघं मिळून तासभर त्या थांबण्याबद्दल बोलत बसलात, दोन सुतारांनी एखाद्या सांध्याबद्दल बोलावं तसे. पदर कुठल्या हातात, नजर कुठे, श्वास आत की बाहेर. मी एका खोक्यावर बसून होते. माझ्याकडे तुमच्यापैकी कोणी बघितलंही नाही. मला रडावंसं वाटत होतं आणि कोणासाठी रडायचं हेच कळत नव्हतं, कारण ज्याच्यासाठी रडायचं तो तर मजेत होता.

इथवरचं मी विसरले असते. पण पुढच्या शिमग्याला तुम्ही जे केलंत त्याला तोड नाही. तुम्ही तुमच्या मावशीत त्याचं थांबणं घातलंत! विनोद एकदा, विनोद दोनदा, आणि तिसऱ्यांदा तोंड उघडून गप्प. आणि लोक टाळ्या वाजवायला लागले. का? तर ते नाटक तोवर गाजलं होतं, टीव्हीवर त्याचा तुकडा दाखवला होता. लोक म्हणाले, वा, मावशी त्या नटाची काय झकास नक्कल करते! तुम्हाला पुन्हा आमंत्रणं यायला लागली. जयगडपर्यंत गेलात. एका मंडळानं तर फळ्यावर लिहिलं होतं, अमक्या नाटकातल्या सोंगाड्याची हुबेहूब नक्कल.

तो फळा बघितला त्या दिवशी मी तुमच्यावर ओरडले होते, आठवतं? दुकानातच. गिऱ्हाईक होतं, त्याचीही पर्वा केली नाही.

"सांगा की लोकांना! तो तुमची नक्कल करतो. मूळ तुम्ही आहात."

"सांगून काय होनार?"

"काय होणार म्हणजे? तुमचं आहे ते, बाबा! तुमचा खांदा, तुमचा गुडघा. तुमची फजिती तीसुद्धा तुमची."

तुम्ही कापडावर खडूनं रेघ ओढलीत आणि म्हणालात, "गो बाय, लोक हसतात ना? मंग मूळ कोनाचा हाय ता बघून मी काय करू?" आणि त्या गिऱ्हाइकाला म्हणालात, "पोरगी शिकलेली हाय. तिला लय राग येतो."

चार-पाच वर्षं तुम्ही अशी स्वतःचीच नक्कल केलीत, आणि तिचं श्रेय दुसऱ्याला वाटत फिरलात. मग गुडघा पुरता गेला, मग छाती. त्या नटाचं पत्र आलं होतं तुम्ही गेल्यावर. आईनं ते देवापाशी ठेवलं. मी उत्तर दिलं नाही.

परवा कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या एक बाई घरी आल्या. नमनातल्या जुन्या कलाकारांवर त्या लिहितायत. तुमच्याविषयी विचारलं. तुमचा मावशीच्या वेषातला एकही फोटो घरात नाही, हे मला त्यांच्यासमोर कपाट उपसताना कळलं. म्हणाल्या, काही रेकॉर्डिंग वगैरे? मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि म्हटलं, आहे. त्या नाटकाचं चित्रण आता फोनवर सहज मिळतं. त्यांना म्हटलं, दुसरा अंक बघा. तेच माझे वडील. त्यांना ते नीटसं कळलं नसावं, पण त्यांनी लिहून घेतलं.

त्या गेल्यावर मी ते लावलं. आधी कधी लावलं नव्हतं, एवढी हट्टी मी तुमचीच. एकदा बघितलं, मग तेवढाच तुकडा मागे नेऊन पुन्हा बघितला, संध्याकाळचा दिवा लावायचा राहिला. त्या उन्हातल्या दुपारी मान खाली घातल्यामुळे मी जे बघितलं नव्हतं, ते सगळं त्यानं बघून ठेवलं होतं. तुमचा चेहरा त्या वेळी कसा झाला असेल, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

आणि बाबा, आता जे लिहिते त्याचा राग मानू नका. तो तुमच्यापेक्षा चांगलं करतो. पुष्कळच चांगलं करतो. तुम्हाला हे पहिल्या रांगेत बसल्या बसल्या कळलं होतं आणि तुम्ही खूष होऊन हसलात. मला कळायला म्हातारपण यावं लागलं. हे पत्र पाठवायला पत्ता नाही ते एका अर्थी बरंच आहे. असता, तर ही एवढी ओळ मी खोडली असती.